गाढव बुडलं नव्हतं

मी आजवर फुगवून सांगितलेल्या गोष्टी एकावर एक रचल्या, तर त्यांच्या सावलीत आमचं आख्खं गाव दुपारची झोप काढील. हे मीच आधी कबूल करतो, म्हणजे मागाहून कुणी टोकायला नको. पण ही गाढवाची गोष्ट खरी आहे. तिच्यात मी फार तर दोन-चार भांडी पाणी ओतलंय, आणि तेही गाढव मुळात पाण्यातलं असल्यामुळे.

लढाईच्या त्या हिवाळ्यात मी रियाधला होतो. शहराच्या कडेला अल सुलै म्हणून गोदामांचा भाग आहे, तिथल्या एका कोल्ड स्टोरेजवर स्टोअरकीपर. गोठवलेल्या कोंबड्या, बर्फाच्या लाद्या आणि पाण्याच्या बाटल्या, एवढं माझं साम्राज्य. इराकने कुवेत गिळलं आणि आमच्या गल्लीतली माणसं विरघळायला लागली. आधी समोरचा मेकॅनिक गेला, मग पाववाला गेला, मग न्हावी गेला, तो एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून. ते गिऱ्हाईक मी होतो.

शेवटी गोदामात तिघं उरलो. मी, मामू आणि इंजिनिअर.

मामू म्हणजे आमचा स्वयंपाकी. रत्नागिरीकडचा. तो माझा मामा नव्हता, कुणाचाच नव्हता, पण आमचा कफील, म्हणजे गोदामाचा अरब मालकसुद्धा, त्याला मामूच म्हणे. छातीवर रुळणारी पांढरीशुभ्र दाढी, आणि माशाच्या कालवणाचा असा हात की पापलेट स्वतःहून पातेल्यात उडी मारायचं. आम्हा दोघांना परतीचा व्हिसा मिळत नव्हता, म्हणून आम्ही शूर होतो.

इंजिनिअरला मात्र जाता आलं असतं. सहा फूट चार इंच माणूस. दारातून आधी त्याच्या मिशा यायच्या, मग सवडीने तो. पासपोर्ट युगोस्लाव्हियाचा, पण तसं म्हटलेलं त्याला खपत नसे. “मी क्रोएट,” तो म्हणायचा, गुड मॉर्निंगच्याही आधी. आमचे बर्फाचे कॉम्प्रेसर त्याच्या भाषेतल्या शिव्या खाल्ल्याशिवाय सुरू होत नसत. कंपनीने त्याला तिकीट देऊ केलं होतं आणि तो नाही म्हणाला होता. का, ते आम्हाला पहिल्या सायरनला कळलं.

विषारी वायूच्या धास्तीने सरकारने एक खोली बंदिस्त करून ठेवायला सांगितलं होतं. आम्ही स्वयंपाकघर निवडलं, कारण मामू दुसरीकडे मरायला तयार नव्हता. फटी चिकटपट्टीने बुजवल्या, धूर ओढणाऱ्या पंख्याच्या भोकात पीठ मळून लिंपलं. मास्क वाटले गेले तेव्हा मामूचा मास्क दाढीवर बसेना. दोन्ही बाजूंनी दाढी अशी बाहेर यायची, जणू मास्कलाच ती फुटली आहे.

“दाढी काढा मामू,” मी म्हटलं.

“तू अर्धी काढून काय मोठा सुरक्षित झालास?” मामू म्हणाला.

सायरन झाला तेव्हा मामूने घाबरून मेन स्विचच खाली ओढला. अंधार, बाहेरच्या दिव्याचा खिडकीतून येईल तेवढाच उजेड. त्याने चाचपडत मेणबत्ती आणि काड्यापेटी काढून इंजिनिअरच्या हातात दिली. इंजिनिअरने ती मेणबत्ती बराच वेळ नुसती फिरवली आणि हळूच ओट्यावर ठेवून दिली.

“पेटवता येत नाही?” मामूने विचारलं. “इंजिनिअर म्हणे.”

आमच्या तिघांचं बोलणं इंग्रजी, हिंदी आणि हातवाऱ्यांच्या खिचडीत चालायचं. ती खिचडी निवडून इथे मराठीत वाढतो.

इंजिनिअरने सांगितलं ते असं. त्याची आई समुद्रातल्या एका बेटावर राहते, वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांनी अधू. तिला एक थोरला भाऊ होता. बेटावर द्राक्षांचे वेल रोगाने सुकले, तशी त्या घरातली माणसं जगभर उधळली. एक काका चिलीच्या टोकाला गेला, एक ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणीत, एक अमेरिकेत मासे पकडायला. हा भाऊ अठराव्या वर्षी न्यूझीलंडला गेला. तिथे जमिनीत गाडला गेलेला झाडांचा जुनाट डिंक खणून काढतात, ते काम. काही वर्षं पत्रं आली. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं की इथला डिंक संपला, आता पुढे जातो. पुढे म्हणजे कुठे, ते लिहिलं नव्हतं. मग दुसरं महायुद्ध आलं आणि पत्रं बंद झाली ती झालीच.

“तिकडे नोव्हेंबरात मृतांचा दिवस असतो,” इंजिनिअर म्हणाला. “घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसासाठी कबरस्तानात एक मेणबत्ती लावायची. आई दर वर्षी एक मेणबत्ती जास्त नेते. भाऊ मेला असेल आणि लावली नाही, तर त्याचा आत्मा अंधारात. जिवंत असेल आणि लावली, तर आपल्याच हाताने त्याला मारल्यासारखं. ती कबरीपाशी उभी राहते, काडी ओढते, विझवते, मेणबत्ती परत घरी आणते. पन्नास वर्षं तीच मेणबत्ती.”

मामू मास्कमधून म्हणाला, “या अल्ला.”

“मला तिला एवढंच सांगायचंय, लाव किंवा लावू नको. सगळ्या जगाला पत्रं लिहिलीत मी, आणि उत्तराचा पत्ता इथल्या पोस्टाच्या पेटीचा दिलाय. आता कसा जाऊ?”

मास्कऐवजी त्याने मांडीवर काय घेतलं होतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. बिस्किटांचा डबा, उत्तरांनी भरलेला. सगळी उत्तरं एकच सांगत होती, क्षमस्व. चिलीतल्या एका बाईने तेवढा चाळीस माणसांचा फोटो पाठवला होता, त्यातलं एकही त्याचं नव्हतं, पण बाईने पाठीमागे लिहिलं होतं की तरीही या जेवायला.

आता कोकणातल्या माणसासमोर कुणी म्हणावं की समुद्रापार गेलेला माणूस सापडत नाही, म्हणजे आचाऱ्यासमोर म्हणावं की भात शिजत नाही. माझी कॉलर ताठ झाली. मी म्हटलं, “साहेब, तुम्ही सरकारांना पत्रं लिहिलीत तिथेच चुकलात. आमच्या रत्नागिरी-रायगडातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं जहाजावर जातात. केपटाउनला आमचे, मोंबासाला आमचे, जेद्दा बंदरावर तर हाक मारली की चौघं वळून बघतात. आठ दिवस द्या.”

मी जेद्दाला माझ्या मेहुण्याच्या साडूला फोन लावला. त्याने तो निरोप बंदरावरच्या खलाशांना दिला, खलाशांनी जगाला दिला. वर्णन मी दिलं: समुद्रकाठच्या गावचा माणूस, तरुणपणी घर सोडलं, आता बोलावलं तरी पत्र टाकत नाही.

आठ दिवसांत खरोखर तीन माणसं सापडली. तिन्ही कोकणातली.

या वर्णनात निम्मं कोकण बसतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. केपटाउनला आमच्या शेजारच्या तालुक्यातला एक गृहस्थ निघाला, जो अकरा वर्षं बायकोला कळवत होता की जहाजाला उशीर होतोय. दुसरा डर्बनला मिठाईचं दुकान घालून बसलेला. तिसरा तर जेद्दामध्येच, आपल्या सख्ख्या मेहुण्यापासून चार गल्ल्या सोडून राहत होता, आणि गेली सहा वर्षं फक्त अंधार पडल्यावर भाजी आणायला बाहेर पडत होता. साडूचा फोन आला, “माणूस धरून ठेवलाय. तो म्हणतोय मी क्रोएट नाही, पण पळायला बघतोय, म्हणजे तोच.”

मी तो फोन ठेवला तर केपटाउनवाल्याचा आला. तो रडत होता. “बायकोला सांगू नका,” म्हणाला, “जहाज सुटलंच समजा.”

तीन कुटुंबांत त्या महिन्यात जे रणकंदन झालं, त्यापुढे आमच्या डोक्यावरून जाणारी क्षेपणास्त्रं काहीच नव्हती. इंजिनिअर मात्र दिवसेंदिवस मिटत चालला. एका संध्याकाळी आईचं पत्र आलं, दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेलं. त्यात होतं की माझे गुडघे गेलेत, पुढच्या नोव्हेंबरात कबरस्तानाची चढण मला जमणार नाही, तेव्हा त्या मेणबत्तीचं काय करायचं ते तू ठरव. त्याने पत्र घडी करून डब्यात ठेवलं आणि जेवला नाही. मामूच्या आयुष्यात कालवण परत जाण्याचा तो पहिला प्रसंग. तोच इंजिनिअरच्या ताटासमोर मांडी घालून बसला.

“साहेब, एक विचारतो. त्या घराला गावात म्हणतात काय?”

“आडनाव सांगितलंय ना.”

“आडनाव नाही. घराला काय म्हणतात?”

इंजिनिअरच्या मिशा हलल्या. “काही नाही म्हणत.”

मामूने माझ्याकडे बघितलं. इतके दिवस हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता, याची मला आजही लाज वाटते. आमच्याकडे आख्ख्या गावाचं आडनाव एक. पोस्टमनला आडनाव सांगाल तर तो तुम्हाला आख्खं गाव देईल. म्हणून घराला टोपणनाव. ते गाव ठेवतं आणि कुठल्या तरी नाचक्कीवरून ठेवतं. चांगल्या कामावरून नाव पडलेलं एकही घर कोकणात मला माहीत नाही.

“तुमच्या बेटावर आडनावं किती?” मी विचारलं.

“चार,” इंजिनिअर म्हणाला. “आईच्या गावात एक.”

“मग टोपणनाव असणारच. लाजू नका. माझ्या आजोबांनी पावसाळ्यात पडवीत होडी बांधायला घेतली. पावसाळा संपला तेव्हा होडी तयार आणि दारातून बाहेर येईना. भिंत पाडावी लागली. तेव्हापासून आम्ही भिंतफोडे. माझ्या लग्नात नवरीच्या बापाने एवढंच विचारलं की मुलगा काही बांधतो का.”

“आम्ही दोनदा-जेवे,” मामू शांतपणे म्हणाला. “एका लग्नात पणजोबा दोन पंगतींना बसला. टोपी बदलून.”

इंजिनिअरने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं, मग भिंतीकडे. मग अगदी हळू आवाजात त्याने ते नाव सांगितलं. त्याचा अर्थ मराठीत होतो गाढवबुडवे.

त्याचं असं झालं होतं. आईचा बाप पलीकडच्या गावातून गाढव विकत घेऊन होडीने परत येत होता. बरोबर तेरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी, म्हणजे इंजिनिअरची आई. मध्येच गाढव उठून उभं राहिलं आणि होडी उलटली. सगळं गाव धक्क्यावरून बघत होतं. गाव म्हणालं, यांनी गाढव बुडवलं.

“पण ते बुडलं नव्हतं,” इंजिनिअर एकदम ताठ होऊन म्हणाला. “ते पोहत पलीकडच्या बेटावर गेलं आणि तिथे वीस वर्षं जगलं. आमच्या घरात प्रत्येकाला हे माहीत आहे. गाव मत्सराने बोलतं.”

“अर्थात,” मामू म्हणाला.

“ते बुडलं नव्हतं.”

“नाहीच बुडलं. आता जेवा.”

एकाही दूतावासाला त्याने हे नाव कळवलं नव्हतं. उलट आडनावाच्या दाखल्यावर सरकारी शिक्का मारून घेतला होता. सरकारी कागदावर गाढव कसं लिहायचं, हा त्याचा मुद्दा. मी म्हटलं, गाढवच लिहायचं.

आता बघा योग. आपण जगाला पत्रं लिहीत होतो आणि जग आपणहून आमच्या फाटकाशी आलेलं. वाळवंटात जमलेल्या सगळ्या फौजांना पाणी आणि बर्फ लागे, आणि बर्फ आमच्याकडे. रोज निरनिराळ्या झेंड्यांचे ट्रक रांग लावायचे. माझ्या रजिस्टरात गाडीचा नंबर, माल आणि सही असे तीन रकाने होते. मी चौथा आखला: तुमच्या घराला गावात काय म्हणतात.

हा रकाना भरल्याशिवाय बर्फ नाही. इजिप्तच्या ड्रायव्हरने क्षणाचाही विचार न करता लिहिलं, “उलट्या पायजम्याचे.” एका पाकिस्तानी हवालदाराने लिहिलं, “म्हशीला चष्मा लावणारे,” आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की किती वर्षांनी कुणी विचारलं. एका अमेरिकनाने नुसता घराचा नंबर लिहिला. मला त्याची इतकी दया आली की मी त्याला एक लादी जास्त दिली.

पण वाचता न येणाऱ्यांचं काय, म्हणून मामू म्हणाला, आपण चित्र काढू. मशिनरीला लावायचा निळा आणि करडा रंग उरलेला होता. मामूने फाटकाच्या आख्ख्या पत्र्यावर लाटा काढल्या आणि लाटांखाली गाढव. निदान त्याचा उद्देश गाढव काढण्याचा होता. इंजिनिअरला ते आवडलं नाही, कारण ते बुडताना दिसत होतं. “बाहेर डोकं काढा,” तो म्हणत राहिला. मामू म्हणाला, “डोकं बाहेर काढलं तर पत्रा पुरत नाही.”

तिसऱ्या दिवशी कफील आला. गाडीतून उतरून त्याने फाटकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. अरबीत माणसाला गाढव म्हणण्यासारखी शिवी नाही.

“हे कोण?” त्याने मला विचारलं. “मी?”

माझे पाय दोन पावलं मागे सरकले. पण तोंडाने मला आयुष्यात कधी दगा दिलेला नाही. मी म्हटलं, “शेख, इंजिनिअरच्या मुलखात हे दारावर काढतात. मग वरून काही पडत नाही.”

त्याने आभाळाकडे बघितलं, गोदामाच्या शाबूत छपराकडे बघितलं, इंजिनिअरच्या गंभीर मिशांकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “माझ्या घराच्या भिंतीवर केवढं काढता येईल?”

दहा दिवसांत अल सुलैमध्ये अशी सात गाढवं झाली. मामूने कालवण सोडून हाच धंदा केला असता, पण त्या सातांपैकी दोनांना लोक मासे समजले.

आणि मग तो आला. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज होऊन गेली होती. न्यूझीलंडच्या तुकडीचा ट्रक, आणि त्यातून उतरलेला चाळिशीचा सार्जंट, पोट सुटलेला, नाक उन्हाने सोललेलं. त्याने बर्फ मागितला नाही, पाणी मागितलं नाही. फाटकासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“हे कुणी काढलं?”

“मी,” मामू म्हणाला. “बकरी नाही. गाढव आहे.”

“ते दिसतंय. पण पाण्याखाली का?” सार्जंट तुटक आवाजात म्हणाला. “ते बुडलं नव्हतं.”

माझ्या हातून रजिस्टर पडलं. आता विचार करा. त्या बेटावरचा कुठलाही परका माणूस म्हणणार, गाढव बुडलं. सगळ्या पृथ्वीवर एकच घर असं आहे जे म्हणतं, बुडलं नाही. यापेक्षा पक्का इकामा, म्हणजे तिकडचं ओळखपत्र, जगातल्या कुठल्याही सरकारने दिलेला नाही. मी मशीनरूमकडे धावलो. इंजिनिअर कॉम्प्रेसरखाली आडवा होता, फक्त बूट दिसत होते. मी त्याला बुटांनी ओढून बाहेर काढलं, तो पाना हातात घेऊन तसाच आला.

“तुम्हाला कुणी सांगितलं बुडलं नव्हतं?” त्याने सार्जंटला विचारलं.

“आजोबांनी. आईच्या वडिलांनी. होडीत होते ते. त्यांच्या गोठ्याच्या दारावर हेच चित्र आहे, फक्त त्यात डोकं बाहेर आहे.”

इंजिनिअरने मामूकडे एक कटाक्ष टाकला. मग त्याचा आवाज अगदी बारीक झाला. “आजोबा... आहेत?”

सार्जंटने तोंड उघडलं आणि सायरन झाला.

आम्ही चौघं स्वयंपाकघरात कोंबलो. मामूने सवयीने मेन स्विच ओढला. खिडकीतून येईल तेवढाच उजेड. चौघांच्या तोंडांवर मास्क, सायरनचा आवाज कानात, आणि पन्नास वर्षांचं उत्तर दोन फुटांवर, रबराच्या आत. इंजिनिअर बोटाने खुणा करत होता: म्हातारा, मिशी, आहे की नाही. सार्जंटला खूण कळली. त्याने जोरात मान हलवली, वरखाली का आडवी ते त्या मास्कमध्ये कळेना. आपलं यांना समजलेलं नाही हे बघून त्याने दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले, डोळे मिटले आणि मान कलती केली.

मामूने मास्कवरून कपाळाला हात लावला आणि कुणी गेल्याचं कळल्यावर म्हणतात ते पुटपुटला, “इन्ना लिल्लाह.”

इंजिनिअर खाली पाटावर बसला. त्याच्या मास्कची काच धुक्याने भरून गेली. कितीतरी वेळाने तो उठला, ओट्यावरची तीच मेणबत्ती घेतली, काडी ओढली आणि पेटवली. आईसारखी विझवली नाही. आम्ही दोघं हात बांधून उभे राहिलो. सार्जंटही उभा राहिला, शिष्टाचार म्हणून. ज्योत सरळ जळत होती. मी फार बाता मारतो, पण त्या वेळी माझ्या मनात एकसुद्धा बात आली नाही.

धोका टळल्याचा सायरन झाला. मास्क निघाले. सार्जंटने नाक पुसत विचारलं, “कोण गेलं?”

“तुमचे आजोबा,” मामू हळहळत म्हणाला.

“कधी?” सार्जंटचा चेहरा पांढरा पडला. “तुम्हाला कुणी कळवलं?”

“तुम्हीच आत्ता...” मी गालाखाली हात घेऊन दाखवले.

“झोपलेत म्हटलं मी. तिकडे आता पहाटेचे तीन वाजलेत. आत्ता फोन करता येणार नाही, एवढंच.”

त्यानंतर जे झालं ते सांगायला मला लागेल त्यापेक्षा कमी वेळात झालं. इंजिनिअरने झेप घेतली, मी फुंकर मारली, मामूने वरून पातेलं उपडं घातलं. ज्योतीसकट माझ्या उरलेल्या अर्ध्या दाढीचे चार केसही गेले. इंजिनिअरने पातेल्याकडे बोट दाखवलं. “मी लावली,” तो म्हणत होता, “पन्नास वर्षं तिने लावली नाही आणि मी लावली.”

मामूने पातेलं दाबून धरत त्याला समजावलं, “जिवंत माणसाची मेणबत्ती पातेल्याखाली विझवली की त्याची दहा वर्षं वाढतात. आमच्याकडे मुद्दाम करतात.”

असं आमच्याकडे काहीही करत नाहीत. पण इंजिनिअरचा श्वास खाली बसला.

“गंमत आहे,” सार्जंट म्हणाला. “आजोबाही दर नोव्हेंबरात एक लावतात. त्यांच्या धाकट्या बहिणीसाठी. महायुद्धानंतर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ते घर बंद आहे, आत कुणी उरलेलं नाही.”

इंजिनिअरने त्याच्याकडे बघितलं. ती बहीण लग्न करून दोन कोसांवरच्या गावात गेली होती, एवढंच झालं होतं. तो हसायला लागला. छताचे पत्रे वाजतील असा हसला आणि मग त्या सार्जंटला त्याने असा आवळला की मास्कचा डबा चेपला.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन लावला. आईच्या गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. तिला हाताला धरून आणलं. भाऊ जिवंत आहे, हे त्याने ओरडून सांगितलं. मग ती म्हणाली, “दुकानात अकरा माणसं आहेत. इथे मी काही बोलणार नाही.” आणि फोन ठेवला.

इंजिनिअर गोंधळून गेला. मला मात्र ते लगेच कळलं. आमच्या गावच्या बायका अशाच. फोनवर ‘बरं आहे’ म्हणतात आणि खरं काय ते कॅसेटमध्ये भरतात, दार लावून, कोंबड्या हाकलून. माझी बायको दर महिन्याला साठ मिनिटांची कॅसेट पाठवायची. त्यात पाच मिनिटं खुशाली आणि पंचावन्न मिनिटं मी. मी म्हटलं, “साहेब, त्यांना कॅसेट भरायला सांगा. दाराला कडी लावून.”

कॅसेट आली तेव्हा लढाई संपली होती. पोस्टाने नाही, इंजिनिअरच्याच मुलखातून सुट्टीहून परतणाऱ्या एका वेल्डरच्या हाती, मोज्यात गुंडाळून. सार्जंटची तुकडी परत निघायला दोन दिवस होते. कॅसेट त्याच्याबरोबर आजोबांकडे जायची होती. आता दुसऱ्याची कॅसेट ऐकायची नसते, हा आमच्याकडचा पक्का रिवाज. पण फीत गुंतलीय का ते बघणं स्टोअरकीपरचं काम आहे, असं मी सगळ्यांना पटवलं.

म्हातारीचा आवाज जाड आणि करडा. इंजिनिअर वाक्यावाक्याला अर्थ सांगत होता. तिने भावाला आधी मेणबत्त्यांवरून झापलं: मी जिवंत आहे, माझ्या नावाने मेण जाळू नको. मग सगळी मेलेली माणसं क्रमाने सांगितली. मग कडी नीट लागलीय का ते बघायला ती उठली, ते पायांच्या आवाजावरून कळलं. परत आली आणि बोलली, आणि इंजिनिअर अर्थ सांगायचा थांबला.

“काय म्हणाली?” मामूने विचारलं.

इंजिनिअरने टेपचा आवाज कमी केला. “ती म्हणते, ते गाढव बुडलं.”

सार्जंट भिंतीला टेकला.

“ती म्हणते, दोर तुझ्या हातात होता. तू धक्क्यावरच्या त्या मुलीला हात केलास आणि दोर सोडलास. मी बघितलं. बाबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, गाढव पोहत गेलं. तेव्हापासून मी तेच सांगत आलेय. लोक माझ्या तोंडावर हसले तरी तेच सांगितलं.” इंजिनिअरने मिशीवरून हात फिरवला. “ती म्हणते, आता मी म्हातारी झाले. एक तर तू घरी ये, नाहीतर मी दुकानात जाऊन सगळ्यांना सांगते.”

सार्जंटने ती कॅसेट तीन मोज्यांत गुंडाळून नेली.

उन्हाळ्यात इंजिनिअरच्या देशातच लढाई पेटली आणि या वेळी तो थांबला नाही. कॉम्प्रेसरला शेवटच्या शिव्या दिल्या आणि गेला. मामूने त्याला वाटेसाठी सुक्या बोंबलांची पिशवी दिली. ती विमानात कुठे ठेवली ते त्याने कधीच सांगितलं नाही. डिसेंबरात त्याचं पत्र आलं. बेटावर वीज नव्हती, बोट बंद होती, पण त्याआधी न्यूझीलंडहून कॅसेट येऊन पोहोचली होती. आईने दार लावून घ्यायला सांगितलं. टेपरेकॉर्डर बॅटरीवर होता, पण काळोखात बटणं दिसेनात. तेव्हा ती म्हणाली, ती कपाटातली मेणबत्ती लाव की, ती ठेवून आता काय करायचंय.

त्याने लावली. फीत सुरू झाली. कुणीतरी खोकलं. मग पंचाऐंशी वर्षांचा एक म्हातारा, सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा, आपल्या बहिणीशी बोलला. एकच वाक्य.

“ते बुडलं नव्हतं.”

इंजिनिअरने लिहिलं होतं की मेणबत्ती संपेपर्यंत आई त्या टेपरेकॉर्डरशी भांडत होती.